झोका (लोखंडी), एक नग

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गावच्या मैदानावर पुढील गोष्टी होत्या : लोखंडी उभे खांब तीन, त्यांपैकी सरळ दोन, आडवे पाईप शून्य, क्रिकेटची सिमेंटची पट्टी एक, बकऱ्या अकरा, शुभेच्छांचे फलक चार. चार फलकांवर मिळून चेहरे त्रेसष्ट. या त्रेसष्टांपैकी ज्याला कोणीही कधी पळताना पाहिलं असेल असा चेहरा, शून्य. कुंदनने खात्रीसाठी पुन्हा मोजले तेव्हा चौसष्ट आले, कारण एका नेत्याच्या खांद्यामागून आणखी एक कार्यकर्ता अर्धा डोकावत होता. त्याला अर्धा धरावा की पूर्ण, या विचारात कुंदनची चार मिनिटं गेली.

कुंदन एम.एस्सी. फिजिक्स होता आणि शहाद्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर लोटन आप्पांच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक शेगडी आणि एक वर्तमानपत्र. ते वर्तमानपत्र हाच कुंदनच्या रोजच्या संतापाचा कच्चा माल होता. फुटबॉलवर त्याचा जीव होता आणि त्या वर्तमानपत्राचा नव्हता. एकदा त्याने सलग तीस दिवस पट्टीने मोजून काढलं होतं : क्रीडापानाची एकूण जागा, त्यातलं क्रिकेट, आणि त्यातला फुटबॉल. फुटबॉलच्या वाट्याला रोज सरासरी चौदा चौरस सेंटिमीटर येत होते, आणि तेही टायरची जाहिरात लहान पडली तरच.

टीव्हीवरच्या चर्चांबद्दलही त्याचं ठाम मत होतं. बावीस जण एकाच वेळी ओरडतात, पंच स्वतःच एका बाजूने खेळतो आणि चेंडू कुठे आहे हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही. राजकारणाबद्दल तर तो लोटन आप्पांना दर दोन दिवसांनी समजावून सांगायचा, "आप्पा, आमच्यात मध्यंतरानंतर बाजू बदलतात, पण अंगातला शर्ट तोच राहतो. तुमच्यात शर्टही बदलतो आणि वर गोल दोन्हीकडचे मोजून घेतात."

आप्पा चहा गाळत म्हणायचे, "तुन्हा फुटबॉलमा दीड तासमा एक गोल व्हस. त्यापेक्षा ग्रामसभामा जास्त मजा येस, भो."

इथवर सगळं ठीक होतं. मतांना खर्च नसतो, वेल्डिंग लागत नाही. पण कुंदनच्या मनात गेलं वर्षभर एक काटा होता, आणि तो काटा भीमसिंगने लावलेला होता.

भीमसिंग त्याचा एम.एस्सी.चा सोबती. आता धडगावकडे एका आश्रमशाळेत शिक्षक होता आणि तिथल्या तरुणांचा संघ चालवायचा, कप्तानही तोच. सातपुड्याच्या उतारांवर खेळून तयार झालेले खेळाडू. सपाट मैदानावर आले की त्यांना आवरायचं कसं, हे गावच्या संघाला कधीच कळलं नव्हतं. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुट्टीत दोघांच्या गावांचा सामना झाला. पंच कुंदन. शेवटच्या पाच मिनिटांत भीमसिंगच्या संघाचा एक फटका गोलरक्षकाच्या बोटांवरून, दोन खांबांच्या मधून आत गेला. की वरून गेला? आडवा पाईप नव्हताच. कुंदनने क्षणभर आकाशाकडे पाहिलं आणि हात वर केला : वरून गेला. गाव एक-शून्याने जिंकलं.

भीमसिंग भांडला नाही. बूट काढून चपला घालताना त्याने फक्त हळूच विचारलं, "कुंदन, मोजलं होतंस?"

"अंदाजाने," कुंदन म्हणाला.

अंदाजाने! जो मास्तर उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापतो, त्याच्या तोंडून हा शब्द भर मैदानावर निघाला होता. तेव्हापासून कुंदनला चैन नव्हती. नियमाप्रमाणे आडव्या पाईपची खालची कड जमिनीपासून दोन मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर असते. ही उंची त्याला जिथे तिथे दिसू लागली : एसटीच्या दाराशी, केळीच्या घडाशी, बँकेतल्या पंख्याखाली. लग्नात जेवताना तो मांडवाच्या बांबूकडे बघत बसायचा. आईला वाटलं, मुलगा स्थळं शोधतोय.

यंदा सामन्याची तारीख ठरवायला त्याने फोन केला तेव्हा भीमसिंग म्हणाला, "एका टोकाला तरी आडवा पाईप असेल तर येतो. नसेल तर इथेच बसून अंदाज करू. डिझेल वाचेल."

म्हणून कुंदन रविवारी सकाळी मैदान मोजत होता. सामना पुढच्या रविवारी, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. दोन सरळ खांब एकाच टोकाला होते, हे नशीब. त्यांच्यावर एक पाईप आडवा ठेवायचा होता, बस. एवढंच काम.

पहिली अडचण लांबीची. दोन खांबांमध्ये सात मीटर बत्तीस सेंटिमीटर अंतर, आणि बाजारात पाईप येतो वीस फुटी, म्हणजे सहा मीटर आणि थोडा. हॉटेलात हा प्रश्न निघाल्याबरोबर सगळी बाकडी कामाला लागली. कोणी म्हणालं बांबू टाक. कोणी म्हणालं दोरी बांध, दोरीला कोण विचारतं. लोटन आप्पा म्हणाले, "वीस फूट पाईप भेटस ना? मंग गोलच वीस फूटना कर. धडगाववाला काय टेप लिसन येई ऱ्हायनात?"

"आप्पा, टेप मीच लावणार आहे."

"मंग तूच तुन्हा दुश्मन शे," आप्पा म्हणाले, आणि साखर जास्त टाकली.

शेवटी तापीकाठचे नवनीतभाई पटेल धावून आले. त्यांच्या केळीच्या वावरात एक बोअर आटलेलं होतं आणि त्यातून उपसून काढलेले लोखंडी पाईप बांधावर पडले होते. "लई जा ने भाई, दोन लई जा," ते म्हणाले, आणि मग पाऊण तास युरोपातल्या क्लबांवर बोलले. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण त्यांचा भाचा लंडनजवळ कुठेतरी राहत असल्यामुळे त्यांची मतं कुंदनच्या मतांपेक्षा वजनदार ठरत होती.

पाईप मिळाला. आता परवानगी.

मैदान ग्रामपंचायतीचं. ग्रामसेवक ललित भाऊसाहेब, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं आणि तसं म्हटलं नाही तर अर्ज खाली सरकतो, अत्यंत सज्जन गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"गोलपोस्ट. हे स्थावर की जंगम?"

"खांब स्थावर. चेंडू जंगम."

"सर, विनोद नको. दप्तरी हे मैदान नाहीच आहे. हा बैलबाजाराचा तळ आहे." त्यांनी एक छापील नमुना पुढे केला. त्यावर प्रयोजनं होती चार : मंडप, सभा, धार्मिक-सांस्कृतिक, आणि इतर. "इतर लिहिलं तर ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभा एक मेला."

"सामना त्याआधी आहे, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी पंख्याकडे पाहिलं. परोपकाराची लहर आली की ते पंख्याकडे बघत. "दोन उभे खांब, वर एक आडवा. आखाजी शनिवारी. मग यात एवढं अवघड काय आहे?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात लिहिलं : धार्मिक-सांस्कृतिक. आखाजीनिमित्त झोका (लोखंडी), एक नग.

कुंदनचं विज्ञान एक क्षण कुरकुरलं. पण कागद कागद असतो, लोखंड लोखंड, असं मनाशी म्हणून त्याने सही केली. तारीख, वेळ आणि मिनिटांसकट.

नवल हा गावातला वेल्डर. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा आणि गावच्या संघाचा कप्तान व गोलरक्षकही तोच होता, कारण त्याच्या रुंदीमुळे गोल आपोआप लहान व्हायचा. त्याने पाईपांवर नजर फिरवली आणि म्हणाला, "एक अख्खा पाईप ठेव, त्याले चार फूटना तुकडा जोड. सांधा खांबजोडे येई."

"नको. दोन सारखे तुकडे करायचे. तीन मीटर सहासष्ट आणि तीन मीटर सहासष्ट. सांधा बरोबर मधोमध."

"मझार सांधा नको, भाऊ. मझार भार येस."

"भार कसला? चेंडूचं वजन चारशे तीस ग्रॅम," कुंदन म्हणाला. सममितीबद्दल त्याने नवलला पाच मिनिटं सांगितलं. निसर्ग, स्फटिक, मानवी चेहरा. नवलने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ठिणग्या उडवायला सुरुवात केली.

गुरुवारी सकाळी पाईप खांबांवर चढला. कुंदनने तीन ठिकाणी टेप लावला. तिन्ही ठिकाणी दोन मीटर चव्वेचाळीस. त्याच्या छातीतून वर्षभराचा श्वास बाहेर पडला आणि बाहेर पडतापडताच थांबला. पाईपच्या मधोमध, सांध्याच्या दोन्ही अंगांना, वीतभर अंतरावर दोन भक्कम कड्या वेल्ड केलेल्या होत्या.

"नवल! हे काय?"

"कड्या."

"कशाला?"

"पंचायतनी जागावर काम करानं, त कागद दखा मी. कागदवर झोका शे. झोकाले कड्या नही त काय, चेंडू टांगशी?" नवल शांतपणे म्हणाला. "आखाजीना टाइमले आडवा पाईप उना का कड्या लावनीच पडतीस. चौदा झोका करात मी या आठवडामा. तुन्हा पंधरावा."

"काप त्या आत्ताच्या आत्ता."

"आखाजी होऊ दे. मंग काप म्हनशी तठे कापस."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पंचायतीसमोरच्या निंबाच्या ज्या फांदीला दरवर्षी आखाजीचा मोठा झोका बांधायचे, ती फांदी दोन महिन्यांपूर्वी विजेच्या तारेला लागते म्हणून तोडली होती. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात, सासरचं सगळं उणंदुणं वरच्या वर हवेत सोडून देतात. यंदा बांधायचं कुठे, ही गल्लीतल्या बायकांची मोठी चिंता होती. गुरुवारी दुपारी चार वाजता ती मिटली. कुंदन कॉलेजातून परतला तेव्हा त्याच्या गोलात जाड दोर लोंबत होता, दोराला पाट होता, आणि पाटावर शेजारच्या दगूबाई, वय सत्तर, डोळे मिटून पुढे-मागे जात होत्या.

"मोठी माय, हा गोल आहे."

"गोल व्हई का चौकोन, मजबूत शे बाप्पा," दगूबाई म्हणाल्या. "देव तुले चांगली बायको देवो."

शुक्रवारी करणसिंग आले. सरपंच त्यांच्या पत्नी. आणि म्हणून भाषणं त्यांची. त्यांनी पाईपला फीत बांधली, कापली, आणि माहेरवाशिणींच्या सोयीसाठी ग्रामपंचायत कटिबद्ध असल्याचं सांगितलं. गावातल्या बातम्यांचं मोबाइलवरचं चॅनेल एकटाच चालवणारा मिथुन तिथे होता. संध्याकाळी बातमी आली : "गावाला मिळाला भव्य झोका, युवा प्राध्यापकाच्या पाठपुराव्याला यश." अवधी सत्तेचाळीस सेकंद. कुंदनचा चेहरा तीन सेकंद, तोही अर्धा, करणसिंगांच्या खांद्यामागून. रात्रीपर्यंत अठराशे जणांनी बघितली. कुंदनने सहा वर्षांत फुटबॉलवर लिहिलेल्या एकूणएक मजकुराला मिळून एवढे वाचक नव्हते.

त्याने मिथुनला फोन केला. "अरे, तो गोलपोस्ट आहे. दुरुस्ती टाक."

"सर, माझ्याकडे पंचायतीचा कागद आहे. खाली तुमची सही आहे," मिथुन म्हणाला. "दुरुस्ती टाकली तर बातमी खोटी नाही, तुम्ही खोटे पडाल."

कुंदन त्या रात्री नीट जेवला नाही.

शनिवारी, ऐन आखाजीला, त्याची मोठी बहीण रंजिता व्याऱ्याहून माहेरी आली. त्याने तिला सगळं सांगितलं : भीमसिंग, अंदाज, कागद, कड्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. आधी मला चार धक्के दे, मग बघू." तो धक्के देत राहिला आणि दर धक्क्याला पाईपचा सांधा बारीक आवाज करत राहिला. कुंदनने तो ऐकला. पण आवाज लगेच गाण्यात बुडाला, म्हणून त्याने तो मनावर घेतला नाही.

रविवारी साडेपाच वाजता, ऊन जरा कलल्यावर, भीमसिंगची पिकअप मैदानात शिरली. चौदा खेळाडू उतरले. भीमसिंगने आधी पाईपकडे पाहिलं, मग पाईपखाली गाणाऱ्या अकरा बायकांकडे.

"वर्षभरात नियम बदलले का रे?"

कुंदन दगूबाईंपुढे हात जोडून उभा राहिला. "मोठी माय, दीड तास. फक्त दीड तास दोर सोडा."

"तुम्हना खेळ दीड तासना, त मन्ही आखाजी वरीसमा एकच शे. पोरी दूरतून उन्यात. आते तूच सांग, कोनले उठाडू? तुन्ही बहीनले?"

हॉटेलातली सगळी बाकडी मैदानावर आलेली होती आणि प्रत्येक बाकड्याकडे तोडगा होता. शेवटी रंजितानेच तह केला. चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असेल तोवर झोका चालेल. चेंडूने मधली रेघ ओलांडली की ती हाक मारेल, बसलेली उतरेल आणि पाट दोरासकट पाईपवरून मागे टाकला जाईल. भीमसिंग हसला. "पाईप आहे ना? मग खेळू."

आणि खेळ झाला. असा सामना या जिल्ह्यात कोणी पाहिला नसेल. रंजिताची हाक आली की पाट उलटा, चेंडू गेला की पाट सुलटा. पूर्वार्धात गावाने या गोलात दोन मारले. उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि भीमसिंगचे खेळाडू उतार लागल्यासारखे इकडे सुटले, दोन-दोन झाले. पाटावरून मैदान चांगलं दिसत असल्यामुळे दगूबाईंना पंचवीस मिनिटांत खेळ कळला होता. "अरे, त्या लाल बूटवालाले एकला काब्रं सोडतस रे!" त्या वरून ओरडत होत्या, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

शेवटचं मिनिट. लाल बूटवाला एकटाच सुटला. रंजिताची हाक, पाट मागे, नवलने दोन्ही हात पसरले. फटका नवलच्या डोक्यावरून गेला, पाईपच्या मधोमध खालच्या अंगाला टण्णकन लागला, आणि बाहेर आला. नवलने तो छातीशी धरला. गाव नाचू लागलं. बरोबरी!

भीमसिंग कमरेवर हात ठेवून उभा होता. तो कुंदनकडे बघत नव्हता, पाईपकडे बघत होता. कुंदननेही पाहिलं. पाईप मधोमध गालात हसल्यासारखा वाकलेला होता. तीन दिवस अकरा बायका, त्यांच्या लेकी, आणि सममिती.

पाईप सरळ असता तर तो चेंडू आत होता. हे मैदानावर दोघांनाच माहीत होतं. तीस पावलांवरून चार बोटांचा वाकडेपणा कोणाला दिसतो? शिट्टी वाजवायची, हात मिळवायचे, चहा प्यायचा. भीमसिंग या वेळी काही विचारणारही नव्हता, हे कुंदनला त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. चपला मात्र तो पुन्हा तशाच घालणार होता.

कुंदनने शिट्टी वाजवली आणि दोन्ही कप्तानांना बोलावलं. "पाईप वाकलाय. मोजावा लागेल."

"लागना पाईपले, गोल नही!" लोटन आप्पा गरजले. "मोजू नको रे कुंदन! अंदाजवरच सांग!"

करणसिंग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, मिथुनचं चॅनेल चालू आहे. पंचायतीचं काम आहे ते."

पण नवलचं तोंड लाल झालं होतं. "मन्ही वेल्डिंग वाकस? चौदा झोका करात, एक वाकना नही. मोज! सगळास्ना समोर मोज!"

"किती वाकला तर गोल धरायचा?" भीमसिंगने विचारलं.

"नियम दोन चव्वेचाळीस," कुंदन म्हणाला. "चार सेंटिमीटर सूट. दोन चाळीसच्या खाली निघाला तर गोल. वर निघाला तर बरोबरी."

"कबूल," नवल म्हणाला. भीमसिंगने मान डोलावली.

दगूबाई पुढे आल्या. ज्या दोरासाठी त्या सामन्याआधी कोणाचं ऐकत नव्हत्या, तो त्यांनी स्वतः ओढला. "आधी दोर सोडा. मंग मोजा. म्हातारी बठेल व्हती म्हनीसन वाकना, असं कोनी म्हनाव नही."

दोर सुटला. हॉटेलातलं स्टूल आलं. रंजिताने टेपचं टोक चुन्याच्या रेघेवर धरलं. कुंदन स्टुलावर चढला, टेप ताणला, डोळा पाईपच्या खालच्या कडेच्या पातळीत आणला. मैदान जवळ सरकलं. बकऱ्यासुद्धा.

त्याने तीन वेळा मोजलं, तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि मोठ्याने वाचले.

दोन मीटर पस्तीस. दोन मीटर पस्तीस. दोन मीटर पस्तीस.